मेण चोळूनही चामड्याच्या पट्ट्याची कड पुन्हा का पिंजारते?

आपण विचारले आहे की घरी बनवलेल्या पट्ट्याच्या कडांना मधमाशीचे मेण चोळले, त्या दिवशी कडा चकाकल्या, पण आठवडाभरात तंतू पुन्हा वर आले आणि मध्येच पांढुरके कण दिसू लागले, तर मेण कमी पडले की चुकीचे निवडले गेले. मला वाटते, दोन्हीही नाही. कड गुळगुळीत करणे हे मेणाचे कामच नव्हे. ते ओलाव्याने, दाबाने आणि घर्षणाने होते. मेण नंतर येते, ते घोटलेल्या कडेत पाणी शिरू नये आणि तिला झळाळी यावी म्हणून.

सर्वांत आधी चामडे कोणते आहे ते पाहावे. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात; अशा तुरट द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचे तंतू ओले करून दाबले की एकमेकांना धरून बसतात. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले मऊ, लवचीक चामडे कितीही घोटले तरी बहुधा पुन्हा फुलते, आणि त्याला कडेचा रंग म्हणून मिळणारा जाड लेपच द्यावा लागतो. कापलेल्या कडेवर पाण्याचा थेंब टाकून पाहावा: तो लगेच जिरला, जागा गडद झाली आणि नखाने दाबल्यावर वण राहिला, तर चामडे घोटण्याजोगे आहे असे समजण्यास हरकत नाही.

वरचे आणि खालचे कोपरे बेव्हलरने (कडेचा टोकदार कोपरा तासणाऱ्या छोट्या हत्याराने) काढून कड २२०, मग ४००, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावी. पट्टा दुपदरी असेल, तर दोन पदरांमधली रेघ दिसेनाशी होईपर्यंत पुढे जाऊ नये, कारण ती रेघ पुढे कशानेही झाकली जात नाही. रंग द्यायचा असल्यास याच टप्प्यावर द्यावा. मेण बसल्यावर रंग आत जात नाही.

यानंतर बोटाने पाणी किंवा भिजवलेल्या कतिरा डिंकाचा पातळ लेप लावावा. कड दमट हवी, निथळती नको. एका वेळी चार बोटे लांबीचा तुकडा घेऊन तो खाच पाडलेल्या लाकडी दांड्याने किंवा जाड कॅनव्हासच्या कापडाने जोरात घोटावा. सुरुवातीला कापड अडखळते, मग बोटांना ऊब जाणवू लागते, आणि एका क्षणी ते सरकन निसटू लागते. त्याच वेळी कड गडद होऊन शिंगासारखी दिसते. माझ्या अनुभवात इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, कारण हा क्षण येण्याआधी हात दुखू लागतो. कड वाळू द्यावी, उठलेले तंतू ६०० नंबरने हलकेच घासावेत आणि हीच कृती दोन-तीनदा करावी.

मेण लावताना कड पूर्ण कोरडी असावी, कारण ओल्या चामड्याला जास्त उष्णता लागली की ते आकसते आणि ठिसूळ होते. मधमाशीचे मेण साधारण ६२ ते ६५ अंश सेल्सिअसला वितळते, कार्नोबा हे ताडवर्गीय झाडाच्या पानांचे कडक मेण ८२ ते ८६ अंशांच्या आसपास. नुसते पहिले मेण उन्हाळ्यात हाताला चिकट लागते आणि नुसते दुसरे वाकवल्यावर तडकते, म्हणून मी तीन भाग मधमाशीच्या मेणात एक भाग कार्नोबा मिसळतो. या मिश्रणाची वडी कडेवरून एकदाच फिरवावी, हेअर ड्रायरने मेण आत जिरेल एवढेच गरम करावे आणि लगेच सुती कापडाने चोळावे. (एकदा घाईत मी मेणबत्तीच्या ज्योतीवर कड धरली होती, काजळी मेणाबरोबर आत गेली ती कायमचीच.) आपल्याला दिसलेले पांढुरके कण म्हणजे बहुधा वर साचलेले जादा मेण, जे पट्टा वाकताना फुटते.

आपल्या पट्ट्यावर आता नुसते पाणी लावून घोटण्यात अर्थ नाही, कारण मेण ते आत जाऊ देणार नाही. धारदार पात्याने वरचा थर तासावा, उरलेला २२० नंबरने घासावा, कागद मेणाने चोंदला की बदलावा, आणि पाण्याचा थेंब पुन्हा जिरू लागला की घोटायला घ्यावे. बकलातून रोज ओढले जाणारे टोक आधी करावे. सर्वाधिक घासले जाते ते तेच.