नीतिसूत्रांवरचा निबंध परिषदेत वाचताना मिसरचा विषय काढावा का?

तुम्ही लिहिलंय की सेमिनरीत बायबलचा जुना करार शिकवता, त्यातल्या नीतिसूत्रे या ग्रंथावरचा निबंध पहिल्यांदाच परिषदेत वाचायचा आहे आणि ज्याच्या उपदेशग्रंथाशी नीतिसूत्रांचा काही भाग जुळतो त्या प्राचीन मिसरच्या (इजिप्तच्या) आमेनेमोपेचं नाव घेतलं तर श्रद्धावंत मंडळी दुखावतील अशी धास्ती वाटते. मीही हाच विषय शिकवते. माझं म्हणणं, नाव घ्या, आणि अगदी सुरुवातीलाच घ्या.

त्यात लपवण्यासारखं काही नाही. आमेनेमोपेचा ग्रंथ ज्यावर आहे तो पपायरस, म्हणजे प्राचीन मिसरी कागदावरचं हस्तलिखित, मिसरचे अभ्यासक वॉलिस बज यांनी १८८८ साली ब्रिटिश म्युझियमसाठी मिळवला आणि १९२३ मध्ये तो छापून आला. पुढच्याच वर्षी मिसरचेच अभ्यासक आडोल्फ एर्मान यांनी दाखवून दिलं की नीतिसूत्रे २२:१७ पासूनच्या भागाशी तो ठिकठिकाणी जुळतो. खुद्द पवित्र शास्त्रही याबाबत मोकळं आहे. १ राजे ४:३० मध्ये इस्राएलचा राजा शलमोन याची थोरवी सांगताना माप घेतलंय त्यात मिसरचंही ज्ञान आहे.

फक्त 'साम्य आहे' एवढ्यावर थांबू नका. दोन्ही मजकूर शेजारी शेजारी छापून श्रोत्यांच्या हातात द्या. नीतिसूत्रे २३:५ मध्ये धनाला पंख फुटतात आणि ते गरुडासारखं आकाशात उडून जातं. आमेनेमोपेकडेही ते उडतं, पण कलहंसासारखं! मला हा बदल फार आवडतो. नाईलकाठच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कलहंसांचे थवे, यहूदाच्या डोंगरातल्या माणसापुढे गरुड.

माझा निबंध मात्र उभा होता बांधावर. आमेनेमोपे हा शेतांच्या हद्दीचे दगड रोवणारा अधिकारी होता, तशी त्याची ओळख ग्रंथाच्या आरंभीच येते. तो बजावतो, हद्दीचा दगड हलवू नकोस, विधवेचा बांध कोरू नकोस, चंद्रदेव तुला पकडेल. नीतिसूत्रे २३:१०-११ मध्येही तोच दगड आहे, विधवेच्या जागी पोरकी मुलं आहेत. पण पकडायला चंद्र येत नाही. 'त्यांचा गोएल बलवान आहे', असं म्हटलंय.

गोएल म्हणजे रक्ताचा नातलग, विकली गेलेली जमीन सोडवून घराण्यात परत आणणारा. लेवीय २५:२५ मध्ये त्याचं कर्तव्य सांगितलंय, रूथच्या गोष्टीत बवाज ते करून दाखवतो. आता मराठी कानांनी हे ऐका. आपल्या गावात बांध कोरतो कोण? बहुतेक वेळा भाऊबंदच. ज्या पोरांच्या बाजूने उभं राहायला भाऊबंद उरला नाही, त्यांचा भाऊबंद देव स्वतः होतो, असं इस्राएलचा ज्ञानी सांगतोय. उपदेश शेजारच्या देशाशी जुळणारा, पण त्यामागे उभा राहणारा वेगळा. मी हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेतले एक वयस्कर पाळक वही काढून लिहू लागले. दुखावलेलं मला तरी कुणी दिसलं नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. नीतिसूत्रे २२:२० मधल्या एका हिब्रू शब्दाचा अर्थ 'तीस' घ्यायचा का, आमेनेमोपेच्या तीस अध्यायांशी त्याचा संबंध आहे का, हा वाद रंगतदार आहे, पण वीस मिनिटं तोच खाऊन टाकतो. माझी शेवटची तीन पानं वाचायची राहिली ती त्याच्यामुळे. तो प्रश्नोत्तरांसाठी ठेवा, कुणीतरी विचारतंच.