स्पेलिंग तोंडपाठ, पण वाचायला दिलं की गप्प

"मॅडम, ह्याला विचाराल ते स्पेलिंग पाठ आहे, पण पुस्तक उघडलं की एक शब्द वाचत नाही. आमच्या घरात कुणी इंग्लिश बोलत नाही ना, म्हणून असेल का?" दर महिन्याला निदान दोन-तीन आया हेच वाक्य घेऊन येतात, त्यातल्याच एकीची ही गोष्ट (ओळख लागेल असं सगळं बदललंय). मुलगा इंग्लिश मिडियम, दुसरीत, सात वर्षांचा. त्याला आपण छोटू म्हणू.

आईचं स्वतःचं शिक्षण मराठी शाळेत. आपल्याकडे मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, ही त्याच्या आधीची बॅच, म्हणजे एबीसीडीशी गाठ थेट पाचवीत. त्यामुळे मनात एक गंड कायमचा बसलेला की मला येत नाही तर मी काय शिकवणार. मग ट्यूशन लावली, ट्यूशनवाल्यांनी तीच स्पेलिंग दहादा लिहायला लावली, आणि दर शुक्रवारी डिक्टेशन असतं म्हणून गुरुवारी रात्री घरात रडारड. शाळेतून निरोप आला होता की मुलगा स्लो आहे, एकदा लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या.

डोळे आणि कान तपासून झालेत ना हे मी आधी विचारलं (ते झालेले होते, पण बरेच जण हेच विसरतात). मग छोटूला म्हटलं, कॅट कसं लिहितात रे? गाणं म्हणावं तसं आलं, "सी ए टी कॅट!" मग कागदावर टी, ए, पी लिहिलं आणि वाच म्हटलं. बराच वेळ बघत बसला आणि हळूच म्हणाला, "टीएपी?"

आई कपाळाला हात लावणार होती, पण मला तर ते उत्तर फार आवडलं, कारण त्याच्या हिशोबाने ते शंभर टक्के बरोबर आहे हो. आपण त्याला अक्षरांची नावं शिकवली, त्याने नावं जोडून दाखवली. मराठीत 'क' चं नावही क आणि आवाजही क, इंग्रजीत नाव 'सी' आणि आवाज क्, हा घोटाळा आपण त्याला कधी सांगितलेलाच नाही. अक्षरं 26, आवाज 44 च्या आसपास, आणि पोरगं बिचारं 26 नावांवर सगळा संसार चालवतंय.

मग आजीने शिकवलेल्या बाराखडीचं पुस्तक वाचायला दिलं. कमळ, बदक, पाऊस, सगळं धडाधड वाचलं. तिथेच माझा जीव भांड्यात पडला. मूल एका भाषेत एवढं नीट वाचतंय म्हणजे आवाज वेगळे करायची आणि जोडायची यंत्रणा चालू आहे, आणि ही यंत्रणा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कामी येते. म्हणजे घरातली मराठी ही अडचण नव्हती, तेच तर त्याचं भांडवल होतं.

पहिले पंधरा दिवस वही-पेन्सिल बंद. (हे ऐकून आईचा चेहरा बघण्यासारखा होता.) फक्त कानाचे खेळ, तेही मराठीत, आजीबरोबर. "स्स्स ने सुरू होणारं घरात काय काय?" साबण, सांडशी, सोफा. मग उलटं, "शेवटी न् येतंय असं काय?" फॅन, कान, पान. आजीला एबीसीडीतलं एक अक्षर येत नाही, पण या खेळात ती सगळ्यांची बाप निघाली, कारण आयुष्यभर भेंड्या खेळलेली बाई.

आता एक अडचण खास आपल्या पोरांची. आपल्या व्यंजनात अ बसलेलाच असतो, त्यामुळे मूल आवाज जोडताना "क-ॲ-ट" म्हणतं आणि त्याचा शब्द काही केल्या कॅट होत नाही. आईला म्हटलं, अहो पाय मोडा ना अक्षराचा! क् ॲ ट्. तिला ते एका क्षणात समजलं, कुठलंही फोनिक्सचं (अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवण्याचं) पुस्तक न वाचता. मराठी शाळेत शिकल्याचा एवढा फायदा तिला पहिल्यांदाच झाला असावा.

मग फरशीवर खडूने तीन चौकोन आखून उड्या. मी शब्द म्हणायचा, त्याने एका आवाजाला एक उडी मारायची. कॅट तीन उड्या, बस तीन उड्या, आणि फिश? त्याने तीनच मारल्या. आई म्हणाली अरे अक्षरं चार आहेत, तर मी खुणेने गप्प केलं, कारण आवाज तीनच आहेत, फ् इ श्. पुढे त्याच चौकोनात अक्षरं लिहिताना एस आणि एच एकाच चौकोनात दाटीवाटीने बसवले, त्याला फार मजा वाटली, "हे दोघं एकच तिकीट काढून बसलेत."

अक्षरंही ए पासून झेड पर्यंत ओळीने घ्यायची गरज नसते. एस, ए, टी, पी, आय, एन एवढी सहाच घेतली की सॅट, टॅप, पॅन, पिन, टिन, नॅप असे ढीगभर शब्द तयार होतात आणि मुलाला पहिल्याच आठवड्यात आपण वाचतोय असं वाटतं. आईच्या परवानगीने त्याच्या क्लासच्या मिसशी बोलले. वर्गात 45 मुलं, त्यांना वेळ कुठला, पण त्यांनी एक गोष्ट मनापासून उचलली. तीन मुलं पुढे अक्षरांची कार्डं धरून रेल्वेसारखी उभी, बाकीच्यांनी एकेक डबा बदलायचा. पॅन चं पिन, पिन चं टिन, टिन चं टिप. पाच मिनिटं हजेरीनंतर, बस. छोटू म्हणे डबा व्हायला रोज हात वर करायचा.

सगळंच जमलं असं नाही. मी उत्साहात शब्दांची हाऊझी सुचवली, चुलत बहिणीबरोबर. ती त्याच्याच वयाची आणि भराभर वाचणारी, तीन डाव ती जिंकली आणि छोटूने तिकीट फाडून टाकलं. चूक सरळ सरळ माझी, अडखळणाऱ्या मुलाला कधीच घाईचा आणि हरण्याचा खेळ देऊ नये. नंतर दोघांना एका टीममध्ये टाकलं आणि समोर आजी, मग चाललं.

बी आणि डी उलटे काढण्यावरून आई सगळ्यात जास्त घाबरली होती. चमचा कसाही वळवला तरी चमचाच राहतो, पण हे अक्षर वळवलं की दुसरंच होतं, हे सात वर्षांच्या डोक्याला नवीन असतं, या वयात असं बऱ्याच मुलांचं होतं. ताटात रवा पसरून बोटाने गिरवणं, आणि दोन्ही मुठी समोरासमोर धरून अंगठे वर केले की बेड तयार होतो, डावी मूठ बी, उजवी डी. डिक्टेशनला तो बाकाखाली मुठी धरून बघतो म्हणे, बघू दे की.

टेस्ट नकोच असं मी म्हणत नाहीये. मूल आठ वर्षांचं झालं, नीट शिकवून झालं, तरी दोन्ही भाषांत गाडी अडलेली असेल किंवा घरात कुणाला असाच त्रास असेल तर जरूर करा, 2016 च्या दिव्यांग कायद्यात अध्ययन अक्षमता (म्हणजेच लर्निंग डिसॅबिलिटी) आहे आणि त्याच्या सवलतीही मिळतात. पण वाचायला शिकवलंच नाही त्याची टेस्ट काय करायची?

लिहिण्याकडे शेवटी आलो. छोटूने कॅट 'के' ने लिहिलं की आई खोडरबर घेऊन तयार. तिला म्हटलं, अहो त्याने क् ऐकला, त्यासाठी अक्षर शोधलं, केवढं काम केलंय त्याने! स्पेलिंगचं नंतर बघू, आधी लिहायची भीती जाऊ दे. आणि लिहायला खरं काहीतरी द्या. मग किराण्याची यादी त्याच्याकडे आली.

तिसऱ्या महिन्यात आईने ती यादी मला दाखवायला आणली, चुरगळलेली. मिल्क अगदी बरोबर, राइस म्हणजे आर आय एस, सोप मधला ए गायब, एग ला एकच जी. सगळ्यात खाली नुसता मोठ्ठा टी. दुकानदार काकांनी विचारलं, हे काय रे? तर हा वैतागून म्हणाला, "वाचा ना काका, टी! चहा!" आणि काकांनी पाव किलोचा पुडा काढून दिला.