रात्रपाळी कुणी लावली?

'इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलो आणि ब्रह्मचर्य पाळायचं मनाशी ठरवलं. बायको जवळ आली की मन विचलित होतं. सध्या रात्रपाळी मागून घेतलीय, घरी मात्र कंपनीने लावली असं सांगितलंय. तिची आसक्ती कशी कमी करू?'
– एक साधक, सातपूर

दादा,

तुमच्या पत्रात तृष्णा आहे, आसक्ती आहे, अनित्य आहे आणि मधेच एका ओळीत रात्रपाळी. मी तिथेच अडकले.

पंचशील म्हणता ना? चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते तुम्ही रोज डबा घेऊन निघताना मोडता. आणि कशासाठी, तर जे पाचांत नाहीच त्यासाठी! तिसरं शील गृहस्थाला व्यभिचारापासून लांब राहायला सांगतं, बायकोपासून नव्हे. संपूर्ण ब्रह्मचर्याचा नियम शिबिराच्या दिवसांपुरता. विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी स्वतः मुलाबाळांचे संसारी गृहस्थ होते.

तरीही ब्रह्मचर्यच हवंय? घ्या की. अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात वैशालीचा उग्ग गृहपती भेटतो. त्याला चार तरुण बायका. बुद्धांकडून व्रत घेतलं आणि घरी येऊन त्यांना सरळ सांगितलं: मी ब्रह्मचर्य घेतलंय. इथे राहून खा-प्या, दानधर्म करा. माहेरी जायचं तर जा. दुसरा नवरा हवा असेल तर नाव सांगा. थोरलीने सांगितलं. उग्गाने त्या माणसाला बोलावलं आणि पाणी सोडून तिला त्याच्या हाती दिलं. (बायको अशी 'देऊन टाकणं' मला पटत नाही, पण त्याने विचारलं तरी!) त्याचं मन तेव्हा तसूभरही हललं नाही म्हणे. तुमचं, बायकोने कूस बदलली तरी हलतं. म्हणून ही पाळी.

आणि ती? कंपनी नवऱ्याला राबवते म्हणून कंपनीला बोल लावत असेल, सकाळी तुम्ही झोपल्यावर पोरांना दटावत असेल.

तिच्या आसक्तीचं राहू द्या. येत्या सुट्टीच्या रात्री मुलं झोपली की तिला सांगा: रात्रपाळी मी मागितली, आणि ती यासाठी मागितली. मग ती रडेल, चिडेल, शिबिराला शिव्या घालेल. ते सगळं ऐका. 'अनिच्च' (सगळं अनित्य) म्हणत डोळे मिटून बसू नका. आणि कामावर गेल्या गेल्या दिवसपाळीचा अर्ज द्या.