३.७ म्हणजे चांगलेच ना?

फेब्रुवारी जवळ आला की आम्हा समुपदेशकांना परदेशातून येणारे फोन वाढतात. जर्मनीतल्या हिवाळी सत्राच्या परीक्षा साधारण त्याच सुमारास असतात. मुलं वेगवेगळी, पण प्रश्न ठरलेला: "मॅडम, जमत नाहीये. परत आलो तर घरच्यांना तोंड कसं दाखवू?" म्हणून ओंकारबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ओंकार कराडचा. पुण्यात मेकॅनिकल करून मास्टर्ससाठी जर्मनीला गेला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नसते, त्यामुळे आपल्याकडे 'जर्मनी स्वस्तात पडतं' असा समज आहे. पण व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधीच ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) भरावी लागते, ११,९०४ युरो. म्हणजे दहा लाखांच्या वर. वडील शिक्षक. त्यांनी प्लॉट तारण ठेवून कर्ज काढलं.

एका विषयात ओंकार दोनदा नापास झाला होता. तिथे बऱ्याच विद्यापीठांत एका परीक्षेला तीनच संधी असतात. तिसरीही हुकली तर प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करणंही सहसा शक्य नसतं. त्यामुळे "काही होत नाही रे" असं मी त्याला म्हटलं नाही. माझी बैठक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांची. खोटा धीर देण्यापेक्षा सर्वांत वाईट शक्यता समोर मांडून तिच्याकडे नीट बघावं, असं मी मानते.

"पुस्तक उघडतो, पण डोक्यात आईच येते," तो म्हणाला.

"आई रागावते?"

"नाही हो. खूश आहे. तोच प्रॉब्लेम आहे."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या एका विषयात त्याला ३.७ मिळाले होते. जर्मनीत १.० म्हणजे अव्वल, ४.० म्हणजे कसाबसा पास आणि ५.० म्हणजे नापास. आईला वाटलं, चारपैकी ३.७! तिनं भिशीत सगळ्यांना सांगितलं, पेढे वाटले. आणि यानं फोनवर नुसतं "हो" म्हटलं.

तोवर आम्ही झोप, वेळापत्रक, नोट्स असलंच बोलत होतो. त्या क्षणी मला दिसलं की हा मुलगा दोन परीक्षांची तयारी करतोय, एक विद्यापीठाची आणि एक कराडची. दुसरीला अभ्यासक्रमच नाही, मग तयारी होणार कशी?

मी विचारलं, "समज, तू जर्मनीत आहेस हे कुणालाच कधी कळणार नसतं. तरी गेला असतास?"

तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं नेट गेलं.

"बहुतेक नसतो गेलो," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "पण आता इथली व्हायब्रेशनची लॅब सोडवत नाही."

मग तो सुटलाच. गिअरबॉक्सवर मेण लावून सेन्सर कसा चिकटवतात, स्क्रीनवर उठणाऱ्या टोकांवरून कुठलं बेअरिंग जाणार हे कसं ओळखतात. मला निम्मं कळलं नाही, मी अडवलंही नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो स्वतःला काय हवंय ते बोलत होता. असे प्रश्न सुचायला वर्षं जावी लागतात, हे नम्रपणे सांगते.

त्यानंतरचं काम तसं रोखठोक होतं. आम्ही 'नापास झालो तर' याचा कागद केला. चाकणच्या पट्ट्यात नोकरी मिळू शकते, जर्मन भाषा येते, हप्ता असा असा, प्लॉट वाचवायला इतकी वर्षं. वाईट होतं, पण जगता येण्याजोगं होतं. तपासलेला पेपर पाहण्याची सोय तिथे असते, पण हा शरमेनं कधी गेलाच नव्हता. गेला, तेव्हा कळलं की येत नव्हतं असं नाही, शेवटचे प्रश्न वेळेअभावी कोरे राहिले होते.

आईला ३.७ चा अर्थ सांगणं मात्र त्यानं दोन आठवडे टाळलं. शेवटी सांगितलं. आई म्हणाली, "म्हणजे पास झालास ना? मग एवढे दिवस एकटाच का घेऊन बसलास?" वडील काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी बँकेच्या कागदांचे फोटो पाठवले, हप्ते कधी सुरू होणार तिथे खूण करून.

तिसऱ्या प्रयत्नात तो पास झाला. खरं तर हे लिहिणार नव्हते. नापास झाला असता तरी मी त्याच्याबद्दल लिहिलंच असतं.

पालकांनो, फोनवर मार्क विचारायचेच असतील तर आधी तिथली मोजण्याची पद्धत समजून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे लॅबमध्ये काय करतोस ते विचारा. आणि विद्यार्थ्यांनो, तुमच्या कोर्सचे परीक्षा-नियम आजच वाचा. नियम विद्यापीठागणिक बदलतात, पण बऱ्याच ठिकाणी परीक्षेच्या काही दिवस आधीपर्यंत नाव मागे घेता येतं आणि ती संधी वाया जात नाही. विषयाच्या सल्लागाराची वेळ घ्या. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत किंवा विद्यार्थी सेवा केंद्रात समुपदेशक असतो, तोही सहसा मोफत, आणि अनेक ठिकाणी इंग्रजीतून बोलता येतं. मराठीतूनच बोलायचं असेल तर आम्ही आहोतच, फक्त भारतातली वेळ हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे असते हे लक्षात ठेवून फोन करा.