“समजलं ना?” विचारल्यावर

“मॅडम, आमची माणसं काही विचारतच नाहीत. माना डोलावतात आणि काम बिघडलं की कळतं, यांना समजलंच नव्हतं.” पतपेढीचे व्यवस्थापक, मुख्याध्यापिका, हॉटेलवाले, सगळ्यांचं गाऱ्हाणं हेच. मी समुपदेशक, म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मालकाची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

देवगड तालुक्यात त्यांची आंब्याची कॅनिंग फॅक्टरी. हंगामात तीसेक बायका-पोरी कामाला. पहिल्या भेटीत सगळा दोष आजकालच्या पोरींचा. मी म्हटलं, “त्यांना काम समजावता तसं मला समजावा.” त्यांनी फळं कशी निवडायची ते झरझर सांगितलं आणि विचारलं, “समजलं ना?” माझीही मान हलली. निम्मंच कळलं होतं.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, “शेवटचा प्रश्न कोणी विचारला होता?”

बराच वेळ आठवून म्हणाले, “एका पोरीने. ठरावीक बागेच्या आंब्यांतच साका जास्त का निघतो म्हणून.” (साका म्हणजे हापूसच्या गरात आतून होणारा पांढरा, भुसभुशीत भाग.)

“मग?”

“म्हटलं, तुका कित्याक होयी नसती चौकशी? गप काम कर.”

आणि ते थांबले. मीही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मला बऱ्याच वर्षांनी जमलं आहे. समोरच्याचं उत्तर त्याच्याच आत असतं, या मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या म्हणण्यावर माझा विश्वास आहे. दोनेक मिनिटांनी ते हळूच म्हणाले, “हे वाक्य माझ्या बाबांचं.”

बारा वर्षांचे असताना त्यांनीही हेच विचारलं होतं: बाहेरून सोन्यासारखा हापूस आतून पांढरा, भुसभुशीत का होतो? बाबांनी अडत्याकडून उचल घेतलेली, पेट्या भरायची घाई.

“बाबांना उत्तर माहीत नव्हतं, मॅडम. म्हणून ओरडले.” मग डोळे पुसत, “आणि मलाही नव्हतं.”

मला तिथे लख्ख दिसलं. पोरींचं कुतूहल शाबूत होतं. मालकाला ‘मला ठाऊक नाही’ म्हणायची भीती होती आणि त्या भीतीचा आवाज रागासारखा येत होता.

‘का’ला केवढी किंमत आहे, हे आपल्या कोकणाला सांगायला नको. साक्याचं एक कारण तापलेल्या जमिनीची धग मानतात, म्हणून झाडाखाली पाल्याचं आच्छादन करतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली आणलेल्या ‘रत्ना’त साका होत नाही. कुणीतरी नसती चौकशी केली म्हणूनच ना!

तेव्हा हाताखाली माणसं असणाऱ्यांनो, “समजलं ना?” सोडा. त्याला ‘हो’शिवाय उत्तर नसतं. “यात तुझं कुठे अडेल?” असं विचारा, आणि मग थांबा. मनात दहा आकडे मोजा, कारण वर्षानुवर्षं गप्प बसलेल्या माणसाला तोंड उघडायला वेळ लागतो. लाजऱ्या माणसाला चारचौघांत विचारू नका. आलेला प्रश्न वेडगळ वाटला तरी हसू नका. बाकीच्या सगळ्या जणी तुमच्या तोंडाकडेच बघत असतात. उत्तर येत नसेल तर तसं सांगा आणि दोन दिवसांत शोधून द्या. हे दुसरं विसरलात तर पहिल्याचा उपयोग नाही.

त्या फॅक्टरीवाल्यांनी क्रेटवर बागेचं नाव लिहायला सुरुवात केली. साका जास्त निघणाऱ्या बागेत जाऊन आले, तर झाडांखालची जमीन उघडी, तापलेली. गेल्या आठवड्यात फोन आला. त्या पोरीने आणखी काहीतरी विचारलं होतं आणि ते त्यांना येत नव्हतं. तिला आणि आणखी दोघींना घेऊन ते वेंगुर्ल्याला निघाले होते.