चेक चित्रपट पाहायला सुरुवात कोठून करावी?

माझ्या मते वोय्तेख यास्नी यांच्या ‘सगळे चांगले गावकरी’ (१९६८) या चित्रपटापासून करावी. १९४५ नंतर मोराव्हिया या चेक प्रदेशातील एका खेड्यात कम्युनिस्ट राजवटीकडून सामुदायिक शेतीची सक्ती येते, जिवलग मित्रांत फूट पडते आणि फ्रान्तिशेक हा शेतकरी मात्र त्यात सामील होण्यासाठी सही करायला ठाम नकार देतो. कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळूनही मायदेशी त्यावर बंदी आली.

त्यानंतर दिग्दर्शक वोर्लिचेक यांची ‘सिंड्रेलासाठी तीन हेझलनट’ (१९७३) ही परीकथा पाहावी. तिची नायिका घोडा दौडवते, नेमबाजीत राजपुत्रावर मात करते. आजही नाताळात ती चेक टीव्हीवर हमखास दाखवली जाते. गंमत म्हणजे, राजकारणापासून दूर वाटणाऱ्या या कथेचे पटकथाकार फ्रान्तिशेक पावलीचेक यांच्यावरही तेव्हा राजवटीची बंदी असल्याने श्रेयनामावलीत दुसऱ्याच व्यक्तीचे नाव झळकले.