परीक्षा झाल्यावर दाखवू, असं म्हणू नका

मुलांच्या मानसिक आजारांबद्दल तेच ते प्रश्न सारखे येतात, म्हणून यावेळी काहींची उत्तरं एकत्रच देतो. नावं गाळली आहेत.

प्र. नातवाला दाखवायचंय. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात सोय आहे का, का थेट रत्नागिरीला न्यावं लागतं? (आजोबा, राधानगरी)

उ. सीपीआरमध्ये आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात जायची वेळ फार थोड्या मुलांवर येते.

प्र. मुलगा बारावीला आहे. दिवाळीपासून खोलीबाहेर येत नाही. शेजारी माझ्याबद्दल बोलतात म्हणतो, खिडकीच्या काचांना त्यानं वर्तमानपत्र चिकटवलंय. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, दोन अमावास्या करून झाल्या. हे म्हणतात, परीक्षा होऊ दे, मग दाखवू. (आई, कागल)

उ. ताई, परीक्षेची वाट बघू नका. याच आठवड्यात दाखवा.

निम्म्याच्या आसपास मानसिक आजारांची सुरुवात चौदाव्या वर्षाच्या आत होते आणि बहुतेक आजार पंचविशीपर्यंत डोकं वर काढतात. म्हणजे ज्या वयात आपण 'वय आहे, सुधारेल' म्हणतो, तेच हे वय. तुम्ही लिहिलेली लक्षणं कशाची आहेत, हे मुलाला तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असा संशय आणि भास जितके दिवस उपचाराविना राहतात, तितकं मूल सावरणं अवघड होतं. बारावीला पुरवणी परीक्षा असते, या महिन्यांना नसते.

मागं एक सतरा वर्षांची मुलगी आली होती. मनगटावर सात दोरे, सगळ्यात खालचा काळा पडून कातडीत रुतलेला. आईच्या पिशवीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा : डोकेदुखीच्या गोळ्या, पित्ताच्या गोळ्या, 'अशक्तपणा' म्हणून लावलेल्या सलाईन. चौदा महिने ते घर धावत होतं. पैसा गेला, शाळा गेली आणि 'तुला काय ऐकू येतं का गं?' एवढं तिला कुणी विचारलं नव्हतं. आज ती बरी आहे, पण ते चौदा महिने मला अजून सलतात.

सासूबाईंना देवाला जाऊ द्या, माझी हरकत नाही. पण भूत उतरवतो म्हणून कुणी मुलाला बांधलं किंवा मारलं, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. मुलगा यायला तयार नसेल तर आधी तुम्ही दोघं डॉक्टरांना भेटा. त्याला कसं आणायचं तेही ते सांगतील.

प्र. मुलगी 'जगून काय करू' म्हणते. विचारलं तर नको ते डोक्यात भरेल, असं बहीण म्हणते. (वडील, गडहिंग्लज)

उ. बहिणीचं ऐकू नका. मरावंसं वाटतं का, असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार मनात येत नाही, उलट आत दाबलेलं बोलता येतं. शेतीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा, तिला एकटी सोडू नका, आजच दाखवा. मध्यरात्र असली तरी टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर लावा, मराठीत बोलता येतं. जिवाला धोका वाटला तर थेट दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल म्हणून थांबू नका : आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा धरून चालतो.

प्र. मानसिक आजाराच्या गोळ्यांची सवय लागते म्हणे? (इचलकरंजी)

उ. कोण म्हणे? नैराश्यावरच्या गोळ्यांची नशा होत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात आणि लोक नेमके दहाव्या दिवशी 'फरक नाही' म्हणून सोडून देतात. मनानं बंद करू नका. मात्र सुरुवातीच्या आठवड्यांत मूल जास्त अस्वस्थ वाटलं किंवा मरणाचं बोलू लागलं, तर लगेच डॉक्टरांना कळवा. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणू नका.

प्र. एका सेंटरमध्ये मुलाच्या बोटांचे ठसे घेऊन 'मेंदूचा रिपोर्ट' दिला. आता २१ सिटिंगचं पॅकेज आगाऊ भरा म्हणतात. (शाहूपुरी)

उ. भरू नका. ठशांवरून बुद्धी कळत नाही, आजारही कळत नाही. मूल नीट बघायच्या आधीच २१ हा आकडा आला कुठून? औषध डॉक्टरच देऊ शकतो. चाचण्या आणि बोलून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते, ती मागून बघा. हे विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आणि मूलही तुमचं.

प्र. मुलीचं पुढं लग्न ठरवताना दवाखान्यातून कुणाला कळणार नाही ना? (पन्हाळा)

उ. नाही. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं कायद्यानं आमच्यावर बंधनकारक आहे. ओळखीचं कुणी भेटेल अशी भीती असेल तर सांगली-मिरजेला दाखवा, पण फाईल एकच ठेवा आणि पुढची तारीख चुकवू नका.